खापराचा जन्मदाखला

मानपत्रात एकशे चाळीस शब्द असावेत आणि त्यांपैकी निदान वीस खरे असावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. छत्तीस वर्षे मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. त्या काळात मी सुमारे नऊ हजार प्रयोगवह्या तपासल्या आणि निरीक्षणाच्या आधीच निष्कर्ष लिहून ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण कापले. असा मनुष्य घरच्या मानपत्रात विनाआधार विधान खपवून घेईल असे कोणाला वाटले असेल, तर त्याने मला नीट ओळखलेले नाही.

मानपत्र झुंबरबाईचे होते. झुंबरबाई ही माझी सख्खी आत्या. ती धुळ्याला मुलाकडे, म्हणजे किरणकडे असते. येत्या जूनमध्ये तिला नव्वद वर्षे पूर्ण होणार, म्हणून यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, म्हणजे आमच्या जळगावलगतच्या पिंप्राळ्याच्या घरी, तिचा सत्कार करावा असे ठरले. लेकी आखाजीला माहेरी येतात. त्या नव्वदीच्या असल्या तरी नियमाला अपवाद नाही. मांडे माझ्या पत्नीने, नूतनने करायचे, शाल किरणने आणायची आणि मानपत्र मी लिहायचे, अशी विभागणी झाली. माझे काम सर्वांत सोपे होते. तेच तीन आठवडे चालले.

मसुद्याची दुसरी ओळ अशी होती : 'जन्म : १ जून १९३५, यावल.' किरणने तो आत्याला फोनवर वाचून दाखवला. पाचव्या मिनिटाला मला फोन आला.

"ज्ञाना, यावल काबर लिखं रे?"

"तुझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच आहे, आत्या."

"दाखला मास्तरनी लिखेल शे. मास्तर काय मन्ही मायना बाळंतपणले व्हता? मन्हा जलम शांघायना शे. शांघाय लिख."

शांघायचे हे प्रकरण आमच्या घरात नवे नव्हते. माझे आजोबा उखर्डू. त्यांच्या आधीची दोन भावंडे दगावली, म्हणून मृत्यूची दिशाभूल करण्यासाठी त्यांना उकिरड्याचे नाव देण्यात आले. मृत्यू नाव वाचून निर्णय घेतो या गृहीतकाला माझ्यापाशी एकच आधार आहे, तो म्हणजे आजोबा एक्क्याऐंशी वर्षे जगले. त्यांना कापसाची पारख होती. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये ओढून ते धाग्याची लांबी सांगत. आत्याच्या म्हणण्यानुसार, मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना याच कामासाठी शांघायला पाठवले. मागोमाग आजी भिकुबाई गेली, तिथे तिने नऊ वर्षे संसार केला, आत्या तिथे जन्मली आणि १९३७ साली शहरात लढाई पेटली तेव्हा दोन गाठोडी आणि दोन वर्षांची आत्या घेऊन ती दोघे परत आली. कागद एकही नाही. माझे वडील या परतीनंतर जन्मले, त्यांना विचारले की ते म्हणत, "माझ्या आधीचं मला काय माहीत?" आमच्या घराण्यातील हे एकमेव शास्त्रीय विधान.

आत्याचे तपशील तर संशय वाढवणारेच होते. शांघायला एका अरुंद गल्लीत समोरासमोर घरे होती आणि आजीचे लुगडे बांबूवर वाळत घातले की ते गल्ली ओलांडून समोरच्या शेजारणीच्या खिडकीला लागे. गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होते, तिथे गरम पाणी विकत मिळे. बांबूची चकती दिली की किटली भरून. आणि आजी तिथे ज्वारीची भाकरी करी. मी महाविद्यालयात शिकत असताना या तिन्ही गोष्टींवर मनमुराद हसलो होतो. गरम पाणी विकत! जळगावात मे महिन्यात नळाला जे आपोआप येते, ते तिकडे चकती देऊन घेत होते म्हणे. आणि चीनमध्ये ज्वारी?

"आत्या," मी शांतपणे म्हणालो, "पुराव्याशिवाय मी लिहू शकत नाही."

"तुन्हा जलम कदीना?"

"एक जून."

"तुन्ही माय सांगे, पोळाना दिन बैलसना गयामा घुंगरू बांधतांना तिले कळा लागन्यात. पोळा काय जूनमा येस का रे?"

आमच्या महाविद्यालयातून एकाच दिवशी, एकतीस मे रोजी, आम्ही चार प्राध्यापक निवृत्त झालो होतो. आमच्या पिढीतील बहुसंख्य मुले एक जूनलाच जन्मली, या घटनेचे स्पष्टीकरण जीवशास्त्रात नव्हे, तर शाळेत नाव घालताना तारीख सुचवणाऱ्या गुरुजींपाशी मिळते. परंतु माझ्या नोकरीची, निवृत्तिवेतनाची आणि एकंदर अस्तित्वाची इमारत त्या तारखेवर उभी असल्याने मी तिच्या पायाशी खणण्याचे टाळले होते.

"लिखशी ना?" आत्याने विचारले. तिचा आवाज उतरला होता. "मन्ही माय मरस तवलोंग सांगत व्हती. कोनी खरं मानं नै. मी बी आते कितला दिन?"

आत्याचे एवढेच मागणे होते : आईचे सांगणे कोणीतरी एकदा कागदावर खरे म्हणून लिहावे. मी मानपत्र छापायला दिले, पण जन्मस्थळापुढे बोटभर जागा कोरी सोडली. ती आखाजीपर्यंत भरायची होती.

प्रथम मी नकारात्मक पुराव्याच्या मागे लागलो. आत्याचा जन्म यावलला झाला असेल, तर तिथे नोंद हवी. नसेल, तर नोंद नसल्याचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. त्याचे नाव लिहीत नाही, कारण मला तिथे पुन्हा जावे लागू शकते. तेथील लिपिकाने माझे सर्व म्हणणे ऐकून घेतले आणि 'अनुपलब्धता दाखल्याचा' अर्ज पुढे सरकवला.

"इथे जन्मस्थळ लिहा, सर."

"तेच तर माहीत नाही."

"मग यावल लिहा."

"यावल नाही, असा तर मला दाखला हवा आहे."

"बरोबर. यावल लिहिलं, की आम्ही यावलला शोधणार. सापडलं नाही, की यावलला नाही असं देणार. शांघाय लिहिलं तर आम्ही कुठे शोधायचं?"

यात तार्किक चूक शोधण्याचा मी परतीच्या बसमध्ये साकळी गाव येईपर्यंत प्रयत्न केला. नव्हती.

पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून योगेंद्रभाऊ राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यामुळे त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा मोठा आणि सोडण्याचे वेळापत्रक त्यांचे स्वतःचे आहे.

"सर, एवढं काय त्यात? 'शांघाय' लिहा अन् पुढे कंसात 'यावल'. दोन्ही पार्ट्या खूश."

"जन्म एका वेळी एकाच ठिकाणी होतो, योगेंद्रभाऊ."

"मग आत्याबाईंचं रक्त तपासा. चीनचं असेल तर निघेल."

रक्त आजोबांचे आणि आजीचे आहे, जमिनीचे नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तोच सल्ला नूतनला दिला.

दरम्यान मी चीनच्या शेतीविषयी थोडे वाचले. उत्तर चीनमध्ये ज्वारी शतकानुशतके पिकते. त्यानंतर जुन्या शांघायच्या घरगुती जीवनावरचा एक लेख वाचला. गरम पाण्याची दुकाने गल्लोगल्ली होती. बांबूच्या चकत्यांसह. मी तो लेख दोनदा वाचला आणि कोणाला सांगितला नाही. तरुणपणी हसलेले हसू परत घेण्याची काही सोय विज्ञानात नाही.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा नूतनने माळ्यावरून खापर काढले. खापर म्हणजे उपडे घातलेले मातीचे मोठे भांडे. चुलीवर ते तापवायचे आणि हातांवर झुलवत पातळ केलेला पुरणाचा मांडा त्याच्या पाठीवर पसरायचा. सबंध खानदेशात ते मातीचे असते. आमचे मात्र लोखंडी आहे. पातळ, काळेकुळकुळीत, दोन बाजूंना दोन कान. त्याच्या माथ्यावर काहीसा चौकोनी उंचवटा आहे आणि त्याची अस्पष्ट खूण प्रत्येक मांड्यावर उमटते. तिला घरात देवीचा शिक्का म्हणतात. पहिला शिक्क्याचा मांडा देवाला नव्हे, तर शेजारच्या घरी द्यायचा, अशी रीत आहे. का, हे दुसऱ्या कोणी विचारले नाही. मी विचारले होते, वडील म्हणाले, "माझ्या आधीचं आहे."

त्या दिवशी योगेंद्रभाऊंचे जावई नवल सासुरवाडीला आले होते. ते जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात फिटर आहेत. भिंतीवरून वाकून त्यांनी अंगणातल्या खापराकडे बराच वेळ पाहिले. मग भिंत ओलांडून आले आणि त्यांनी ते उलटे केले.

"सर, ही कढई आहे."

"खापर आहे ते," नूतन म्हणाली.

"नाही हो मावशी. मशीन शिकायला कंपनीने मला चार महिने चीनला धाडलं होतं. रोज हिच्यातलंच खाल्लं मी. तुम्ही ही उपडी ठेवलीये."

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांनी एका कढईच्या बुडावर पुरण भाजले होते आणि त्या बुडावरच्या खुणेला हात जोडले होते.

"अन् हा तुमचा शिक्का," नवल अंगठा फिरवत म्हणाले, "हा कारखान्याचा छाप वाटतो. घासला तर वाचता येईल."

यानंतर जे घडले त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. योगेंद्रभाऊंनी राख आणि चिंच सुचवली. नवलनी तारेचा ब्रश सुचवला. मी दोन्ही उपाय अशास्त्रीय ठरवून दहा टक्के तीव्रतेचे कॉस्टिक सोड्याचे द्रावण तयार केले.

"अहो, सगळं काळं काढू नका," नूतन म्हणाली. "ती घाण नाही. सासूबाईंनी अन् त्यांच्या सासूबाईंनी चढवलेलं आहे ते."

"तो तेलाचा बहुवारिक थर आहे," मी म्हणालो. "तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि अन्न चिकटू न देणारा एक लेप तयार होतो."

"मग तेच म्हणतेय मी."

हे मी तीन दशके शिकवत होतो. तरीही मी खापर प्लास्टिकच्या टबात बुडवले आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. शिकवणे आणि कळणे यांतील अंतर मोजण्याचे उपकरण अजून निघालेले नाही.

संध्याकाळी दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, खापर चांदीसारखे लख्ख झाले होते. दोन, टबाला चीर गेली होती आणि द्रावण भिंतीखालच्या मोरीतून योगेंद्रभाऊंच्या अंगणात जाऊन त्यांच्या कढीपत्त्याच्या मुळाशी थांबले होते. तो कढीपत्ता गल्लीत प्रसिद्ध होता. दुसऱ्या दिवशी त्याने माना टाकल्या.

"सर," योगेंद्रभाऊ भिंतीवरून म्हणाले, "अकरा वर्षांचं झाड व्हतं." एवढेच. सल्ला दिला नाही. त्यांच्या तोंडून सल्ला न निघण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती मला फार लागली.

उंचवट्यावर चार अक्षरे स्पष्ट दिसत होती. नवलनी एका नजरेत सांगितले, "पहिली दोन शांघाय. आमच्या मशीनच्या पाटीवर हीच आहेत, रोज पुसतो मी. पुढचं कारखान्याचं नाव असेल. मला बाकी 'चालू', 'बंद', 'गरम' अन् 'हात घालू नका', एवढंच वाचता येतं."

नूतनने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी म्हणालो, यावरून कढईचा जन्म शांघायला झाला एवढेच सिद्ध होते. भांडी प्रवास करतात. मुंबईच्या बाजारातही ती मिळाली असेल. मी आत्याला फोन करून हाच निष्कर्ष कळवला.

मग आत्या म्हणाली, "तू ते घासं?"

"हो."

"बठ्ठं?"

"हो, आत्या. सगळं."

"आते मांडा कसा निंघी रे, बाप्पा?" आणि तिने फोन किरणकडे दिला. माझ्या जन्माच्या दाखल्यावर शंका घेतानासुद्धा ती माझ्यावर इतकी रागावली नव्हती.

आखाजीच्या सकाळी किरणची गाडी दारात आली. आत्या पदर सावरत थेट मागच्या अंगणात चुलीपाशी जाऊन बसली. नूतनने पहिला मांडा हातांवर झुलवून खापरावर टाकला. तो बसला, तो उठलाच नाही. उलथन्याने काढला तेव्हा त्याचे तुकडे निघाले. दुसऱ्याचे पुरण चुलीत गेले. तिसरा अर्धा खापरावर आणि अर्धा नूतनच्या हातात राहिला. चौथ्यानंतर नूतनने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती फक्त, "बहुवारिक," एवढाच शब्द म्हणाली.

"तेल आन. कांदा आन," आत्या म्हणाली. "मायले बी पहिला दिन असंच व्हयनं व्हतं."

"कोणता दिवस?" मी विचारले.

आत्या अर्ध्या कांद्याने तापल्या लोखंडावर तेल फिरवू लागली. धूर निघाला. धुरातून ती बोलत राहिली. शांघायच्या पहिल्या आखाजीला आजीला मांडे करायचे होते आणि सबंध शहरात खापर नव्हते. समोरच्या शेजारणीने, जिच्या खिडकीला लुगडे लागे तिने, आपली नवी कढई आणून दिली. आजीने ती शेगडीवर उपडी घातली. शेजारीण उंबऱ्यात उभी राहून पोट धरून हसली. मग तिने स्वतःच तेल आणि कांद्याची पात आणली आणि कढई कशी तयार करायची ते हाताने दाखवले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पहिला मांडा आजीने तिलाच दिला.

"मंग दरसाल तीच कढई. मांडा करी, पहिला मांडा तिले, अन् धुईसन कढई परत." आत्याचा हात थांबला. "शेवटलं साल उशीर व्हयना. मी तापमा व्हती. परत करानं ऱ्हायनं. मंग बॉम पडनात अन् आम्ही निंघनूत. गाठोडामा कढई तशीच उनी. माय म्हने, लोकेसनं भांडं शे, ते काय रिकामं ठेवता येस? म्हनीसन पहिला मांडा शेजारे. जठे ऱ्हाऊत तठे, जो शेजारी व्हई त्याले."

मी चुलीकडे पाहत होतो. लोखंडी खापर, शिक्का आणि पहिला मांडा. आमच्या घरात तीन निरीक्षणे ऐंशीहून अधिक वर्षे स्पष्टीकरणावाचून पडून होती आणि मी एकेका निरीक्षणाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले होते. तिन्हींना एकाच वेळी समजावणारे विधान एवढी वर्षे फोनवर उपलब्ध होते.

सातवा मांडा सुटला. अख्खा. त्याच्या मध्यावर चार अक्षरे उमटली होती. आजवर कधी नव्हती इतकी ठळक, फक्त आरशातल्यासारखी उलटी.

"जा," आत्या म्हणाली. "शेजारे दी ये."

आमचा शेजारी म्हणजे योगेंद्रभाऊ. मी ताट घेऊन त्यांच्या फाटकातून आत गेलो. ते वाळलेल्या कढीपत्त्यापाशी उभे होते. मी क्षमा मागण्यासाठी तीन वाक्ये तयार केली होती. त्यांपैकी एकही व्याकरणदृष्ट्या पूर्ण निघाले नाही.

"कॉस्टिकचं... मोजमाप बरोबर होतं, पण टब..."

"द्या इकडे," ते म्हणाले. त्यांनी मांडा निरखून पाहिला. "यंदा शिक्का भारी उठला." मग आत जाऊन ताट रिकामे करून आणले. अगदी रिकामे नव्हे. झाडाच्या शेंड्याला उरलेली हिरवी सहा पाने त्यांनी तोडून ताटात ठेवली होती. "रिकामं देऊ नये म्हणतात. अन् सर, बी रुजत घातलंय. या वेळी भिंतीपासून लांब. मोरी तेवढी बुजवून घ्या, सिमेंट मी सांगतो कोणतं."

सल्ला मिळाला. मला हायसे वाटले.

शाल घालून झाली. मानपत्र वाचायला उभे राहण्याआधी मी खिशातून पेन काढले आणि कोऱ्या जागेत 'शांघाय' लिहिले. त्याखाली बारीक अक्षरात, सवयीने, संदर्भ दिला : 'झुंबरबाई.'

"ते बारीक काय लिखं?" आत्याने विचारले.

"हे कोणी सांगितलं, ते."

"मन्हं नाव काबर? मी तं मांडीवर व्हती. मन्ही मायनं लिख."

मी 'झुंबरबाई' खोडून 'भिकुबाई' लिहिले. चौकटीत बसवण्यासाठी जाड कागदावर छापलेल्या मानपत्रावर खाडाखोड करण्याची माझ्या आयुष्यातील ही पहिलीच वेळ.

"तारीख?" किरणने विचारले. "एक जूनच ठेवायची?"

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "मास्तरनी मायेथिन देयेल शे." मग ती माझ्याकडे वळली. "अन् शेजारीणनं नाव बी लिख. कढई तिन्ही शे."

"काय नाव होतं तिचं?"

आत्या बराच वेळ आठवत राहिली. आजीने कधी सांगितले नव्हते. बहुधा तिलाही ठाऊक नव्हते. गल्लीपलीकडे लुगडे वाळत घालायला नाव लागत नाही.

मला कार्यालयातला तो अर्ज आठवला आणि मी 'भिकुबाई'च्या पुढे लिहिले : 'व तिची शेजारीण, शांघाय. नाव अनुपलब्ध.'

"आते वाच," आत्या म्हणाली.

प्रयोगवहीत कोणी असा संदर्भ दिला असता तर मी शून्य गुण दिले असते. मी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, वाचायला सुरुवात केली.